गुरुजींच्या यादीतली चिरनेरकरीण

घरत गुरुजींनी मला पहिलाच प्रश्न विचारला तो असा : "बाई, तुम्ही रोह्याला कधी गेला होतात?"

मी पनवेलच्या एका जुन्या वाचनालयात काउंटरवर बसते. अठ्ठावीस वर्षं झाली बसतेय. इथे येणारा माणूस मला प्रश्न विचारतो ते एवढेच, की दिवाळी अंक आले का, पंखा फास्ट करता का, आणि बाथरूम कुठे आहे. सभासदत्वाचा फॉर्म भरायला आलेला एक उंच, काळासावळा म्हातारा फॉर्म बाजूला ठेवून उलट माझीच चौकशी करायला लागला म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. टेबलावर माझ्या नावाची पाटी होती, 'सौ. रोहेकर'. त्या पाटीवर बोट ठेवून उभे.

"नाही गेले. कशाला जाऊ?"

"मग रोहेकर कशा?"

"सासरचं आडनाव आहे ते."

"सासरे गेले होते?"

आता खरं सांगायचं तर सासरेही गेले नव्हते. आमच्या घरात रोहा पाहिलेला एकही माणूस नाही. मी तसं म्हटल्यावर गुरुजींना इतका आनंद झाला की विचारू नका. म्हणाले, "म्हणजे तुमचे कुणीतरी पणजोबा-खापरपणजोबा रोहा सोडून निघाले. दुसऱ्या गावात जाऊन उभे राहिले. लोक म्हणाले, हा कोण? तर हा रोहेकर. रोह्यात असते तर कुणी म्हटलं असतं का रोहेकर? तिथे सगळेच रोह्याचे. माणसाला गावाचं नाव पडतं ते गाव सुटल्यावर पडतं बाई. सुटल्याशिवाय नाही."

एवढं बोलून त्यांनी फॉर्म भरला. 'राहणार' या शब्दापुढे सुंदर, वळणदार अक्षरात लिहिलं, 'मौजे निवठणे'. निवठणे हे तेव्हा होतं. पनवेलहून उलव्याकडे जाताना खाडीच्या कडेला, तिवरांना चिकटून, साठ-सत्तर घरांचं गाव. शेती, थोडं मिठागर, थोडी मासेमारी. आता तिथे विमानतळाची भिंत आहे आणि भिंतीपलीकडे काय आहे ते मला दिसत नाही.

गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले होते. बायको गेलेली, मुलगा ठाण्याला. रोज अकराच्या सुमाराला यायचे, खिडकीजवळचं टेबल धरायचे. पांढरा शर्ट, त्याची वरची गुंडीसुद्धा लावलेली, पायात रबरी चपला. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. सुकटीचा वास पुस्तकांना लागेल म्हणून डबा बाहेर व्हरांड्यात बसून खायचे, पावसाळ्यात झड आली तरी तिथेच. मी एकदा म्हटलं, "आत बसा हो, कोण काय म्हणणार आहे?" तर म्हणाले, "म्हणणार कुणी नाही. पण पुस्तक घरी नेणाऱ्याला कळेल ना, की इथं कुणी आगरी जेवून गेला." आणि स्वतःच हसले.

त्यांचा उद्योग म्हणजे एक जाड वही. कुठल्या गावच्या माणसाला काय म्हणतात, आणि तसं का म्हणतात, हे त्या वहीत. पेणचा तो पेणकर, उरणचा उरणकर, कर्जतचा कर्जतकर, इथवर ठीक. पण घाटावरचा माणूस खाली आला की घाटी का होतो, आणि आपण वर गेलो की त्यांच्या लेखी कोकणे का होतो? अलिबागचं नाव घेऊन लोकांनी भोळ्या माणसाला चिडवायचं कधी सुरू केलं? हे सगळं ते शोधायचे. हा शेवटला कर आला कुठून, यावर तर त्यांनी आठ पानं खर्ची घातली होती. कुणी म्हणतो कर म्हणजे करणारा, कुणी म्हणतो हा जुन्या भाषेतला चा-ची-चेचा भाऊ. दोन्ही बाजू लिहून खाली त्यांनी लिहिलं होतं, 'ठाऊक नाही'.

हे 'ठाऊक नाही' त्यांच्या वहीत जागोजाग होतं. आणि सगळी वही शिसपेन्सिलीनं लिहिलेली. "उद्या कुणी जाणता भेटला तर खोडता आलं पाहिजे," म्हणायचे. एकदा व्याख्यानाला आलेल्या एका प्राध्यापकांनी पनवेल हे नाव कशावरून पडलं ते ठणकावून सांगितलं. टाळ्याबिळ्या झाल्या. गुरुजी मागच्या रांगेतून उठले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" प्राध्यापक म्हणाले, "असं मानलं जातं." गुरुजी म्हणाले, "मानणाऱ्याचं नाव-गाव मिळालं तर लिहून घेतो." सभागृहात हशा पिकला, पण गुरुजी चेष्टा करत नव्हते. ते खरंच पेन्सिल काढून उभे होते.

एकदा उलव्याला जाऊन आले. जुन्या गावात नाही, नव्या टॉवरांत. तिथले लोक स्वतःला काय म्हणवतात ते विचारायला. गेटवरच्या वॉचमननं रजिस्टर पुढं केलं, त्यात रकाना, 'कहाँ से आये'. झालं! गुरुजी तिथेच अडून बसले. "मी कुठून आलो म्हणजे? मी हितलाच हाय. तू सांग, तू कहाँ से आया?" तो बिचारा दरभंग्याचा निघाला. त्याच्या गावाकडच्यांना दरभंगिया म्हणतात हे कळल्यावर गुरुजींनी रजिस्टरवरच वही ठेवून लिहून घेतलं. आतल्या चार बिऱ्हाडांनी मात्र सांगितलं, "आम्ही नवी मुंबई, सेक्टर अमुक." मला संध्याकाळी वही दाखवली. लिहिलं होतं, 'उलवे (नवे) : अजून नाव नाही. राहतात, पण अजून कुणी त्यांना हाक मारलेली नाही.'

मी म्हटलं, "गुरुजी, हे छापा कुठेतरी."

"छापून काय करू? पेन्सिल जाईल."

आता त्यांच्या बहिणीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं.

ती उरण नाक्याजवळच्या बाजारात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, विकायला यायची. आठवड्यातून दोनदा. विकून झालं की रिकामी टोपली घेऊन भावाला न्यायला वाचनालयाच्या दारात उभी राहायची. आत म्हणून पाऊल टाकलं नाही कधी. हाडकुळी, ताठ, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, आवाज असा की वाचणारे सगळे एकदम मान वर करायचे. "हरीऽ! चल रं, गारी जाईल!" आणि सत्तरीचे घरत गुरुजी वही मिटून शाळेतल्या पोरासारखे उठायचे. ती त्यांच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. ते तिला 'बाय' म्हणायचे.

तिचं लग्न चिरनेरला झालं होतं. दोन वर्षांत नवरा गेला, मूल नव्हतं, ती माहेरी परत आली. आई आधीच गेलेली. हिनं मिठागरात राबून हरीला शिकवलं. गुरुजी सांगायचे, "माझ्या मास्तरकीच्या पहिल्या दिवशी ती शाळेच्या कुंपणाबाहेर उभी होती. मी फळ्यावर काय लिहितो ते बघत. तिला वाचता येत नाही. पण तासभर उभी होती." बापानं मरायच्या आधी घराच्या कडेला तिला एक खोली बांधून दिली. भावाच्या घरातून वाट नाही, बाहेरून स्वतःचं दार. त्या दाराचा तिला फार अभिमान. दिवाळीला भावाच्या दारात काढण्याआधी आपल्या दारात रांगोळी काढायची.

आणि गावात तिला काय म्हणायचे? चिरनेरकरीण. ही त्या गावाची रीतच होती. सून आली की ती ज्या गावची त्या गावाच्या नावानं तिला हाक मारायची. खरं नाव लग्नाच्या दिवशी एकदा ऐकायचं आणि सोडून द्यायचं. लेक सासरहून परत आली, तर ती जिथून परत आली त्या गावाची होते. ही पन्नासहून जास्त वर्षं निवठण्यात राहिली, तिथेच जन्मली, आणि पन्नास वर्षं चिरनेरकरीणच. गुरुजींनी हे वहीत मोठ्या कौतुकानं लिहिलं होतं. मला वाचून दाखवताना म्हणाले, "बघा बाई, चिरनेरला दोन वर्षं होती तेव्हा तिथे तिला निवठणकरीण म्हणायचे. म्हणजे बायकांना गाव मिळतं ते नेहमी दुसरं."

मी म्हटलं, "यात कौतुक काय आहे हो? मला तर वाईट वाटतं."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "वाईट आहेच. पण आहे ते लिहायला हवं. माणसाला ज्या नावानं हाक मारतात ते खरं नाव. कागदावरचं कुणी हाक मारायला वापरत नाही." हा त्यांचा नियम होता. या नियमानंच पुढे त्यांचा घात केला.

विमानतळासाठी गाव उठायचं ठरलं. आधी वर्षानुवर्षं नुसत्या बातम्या, मग मोजणी, मग एकदम घाई. आणि घाईत भलतीच माणसं उगवली. रिकाम्या जागी रातोरात पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, कुणी कुणाचा भाडेकरू, कुणी लांबचा भाचा, सगळ्यांना पुनर्वसनात जागा हवी. गाव संतापलं. पुनर्वसनाच्या ऑफिसनं सांगितलं, तुम्हीच तुमची यादी करा, कोण गावचा आणि कोण बाहेरचा. गावानं ठरवलं, यादी करायची ती घरत गुरुजींनी. अक्षर चांगलं, आणि कोण कुठला हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? गुरुजी आदल्या दिवशी मला सांगायला आले होते. नवीन शाईपेन घेतलं होतं. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

देवळाच्या मांडवात दुपारी बैठक बसली. यादीला दोन पानं. पहिल्यावर 'गाववाले', दुसऱ्यावर 'बाहेरून आलेले'. एक जण उभा राहून घरामागून घर पुकारत होता, गुरुजी मान खाली घालून लिहीत होते. घरातल्या सुना नवऱ्याच्या नावाखाली बसत होत्या, त्यांचं काही अडलं नाही. गुरुजींचं घर झालं. त्यानंतर कडेची खोली. तिथे पुरुषाचं नाव नाही. पुकारणारा रोजच्या सवयीनं म्हणाला, "पुढं, चिरनेरकरीण."

आणि गुरुजींनी पान उलटलं. दुसऱ्या पानावर शाईनं, सुंदर अक्षरात लिहिलं, 'चिरनेरकरीण'.

नंतर कितीतरी वेळा त्यांनी मला हे सांगितलं, प्रत्येक वेळी त्याच शब्दांत. "बाई, कान ऐकेल तसा हात गेला. चिरनेरची म्हणजे बाहेरची. त्या क्षणाला माझ्या डोळ्यापुढं बाय आलीच नाही हो. नुसतं नाव आलं. आयुष्यभर नावं लिहिली ना, माणूस दिसेनासा झाला." आणि मग, "त्या दिवशी ती चिंबोऱ्या घेऊन बाजारात गेली होती. ती तिथं असती तर लगेच ओरडली असती, हरी, मी कुठली रं बाहेरची? ती नव्हती म्हणून झालं."

यादी मोठ्यानं वाचून दाखवली नाही कुणी. सगळ्यांनी सह्या-अंगठे केले, ऑफिसनं गावाचाच शब्द म्हणून ती घेतली. जागा जाहीर झाल्या तेव्हा गुरुजींच्या नावानं घर होतं. कडेच्या खोलीचं कुठेच काही नव्हतं. तीन दिवस गुरुजी वणवण हिंडले. तिसऱ्या दिवशी ऑफिसातल्या माणसानं त्यांचीच यादी त्यांच्यापुढे ठेवली. "अक्षर तुमचंच ना?"

त्यांनी बहिणीला सांगितलं. लपवलं नाही, हे मानायला हवं. म्हणाले, "बाय, माझ्या घरात ऱ्हा. माझा घर तो तुझाच."

ती म्हणाली, "आनि माजा दार?"

"दार एकच हाय. पण आपलाच हाय ना."

"तुजा हाय. माजा कुठं हाय? म्हातारपनी भावाच्या दारात पाहुनी म्हनून बसू?" मग म्हणाली, "कागदाव लिवलास ना चिरनेरची? मंग मी चालली चिरनेरला."

सगळ्यांना वाटलं, रागात बोलतेय. पण ती खरंच गेली. टोपलीत दोन लुगडी, एक तवा, एक पातेलं. नवऱ्याच्या पुतण्याकडे. पन्नास वर्षांत त्यानं तिला लग्नाकार्यात पाहिली असेल तेवढीच. त्यानं मागच्या पडवीत जागा दिली. गुरुजी आणायला गेले तर बाहेर आली नाही. पाण्याचा तांब्या पुतण्याच्या सुनेच्या हाती पाठवला. चार-पाच खेपा झाल्या. शेवटी आतूनच म्हणाली, "माजा दार घेऊन ये, मंग येतंय."

मग गुरुजींनी तेवढंच ध्येय धरलं. यादीतली चूक दुरुस्त करून घ्यायची, बायचं नाव पहिल्या पानावर आणायचं, तिला तिचं दार मिळवून द्यायचं.

अर्ज मी लिहिला. मी विचारलं, "नाव सांगा त्यांचं." गुरुजी बोलेचनात. मला वाटलं ऐकू आलं नाही. वर पाहिलं तर ते दोन्ही हात टेबलावर टेकून आठवत होते. सख्ख्या बहिणीचं नाव! मिनिटभरानं म्हणाले, "नागूबाई." आणि टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. वाचनालयात चार माणसं होती, सगळी पेपरात तोंड घालून बसली. मी तरी काय करणार? पाण्याचा ग्लास ठेवला पुढे.

अर्जाला गावकऱ्यांच्या सह्या हव्या होत्या, आणि गाव तर फुटलेलं. कुणी उलव्यात भाड्यानं, कुणी नव्या प्लॉटवर अर्धवट बांधकामात, कुणी द्रोणागिरीला गोदामात नोकरी म्हणून तिकडेच. गुरुजी एकेकाला शोधत हिंडले, उन्हातान्हात, रबरी चपला फटफटवत. लोकांनी सह्या केल्या, वाईट कुणी बोललं नाही. पण पुकारणारा जो होता तो म्हणाला, "गुरुजी, आमी तर तिला रोज हाक मारत व्हतो तीच मारली. लिवनारं तुमी." तो काही खोटं बोलला नव्हता.

या दिवसांत वही त्यांनी उघडली नाही. पिशवीत असायची, पण उघडायचे नाहीत. मी मुद्दाम विषय काढायची. एकदा म्हटलं, "गुरुजी, खारघरला राहणाऱ्याला काय म्हणायचं हो? खारघरकर म्हणताना कुणी ऐकलं नाही." पूर्वी या एका प्रश्नावर दुपार गेली असती. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाई, लोकांची नावं लिवायची माजी लायकी नाय." मनातून खचले की त्यांची भाषा गावाकडे वळायची. पुढे मी विचारणंच सोडलं.

दीड वर्षानं उत्तर आलं. नव्या घराच्या पत्त्यावर टपाल पोचेल याचा गुरुजींना भरवसा नव्हता, म्हणून अर्जावर पत्ता वाचनालयाचा दिला होता. मी पाकीट फोडलं नाही, ते येईपर्यंत थांबले. ते आले, खुर्चीत बसले, म्हणाले, "तुम्ही वाचा."

मी वाचलं. भाषा नेहमीची. चौकशीअंती अर्जदार महिला मौजे चिरनेर येथे वास्तव्यास असल्याचे दिसून आले. गावाने सादर केलेल्या यादीतही तशीच नोंद आहे. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

गुरुजींनी कागद मागून घेतला, स्वतः वाचला. मग मला विचारलं, "यात खोटं काय आहे का, बाई?"

मी रिकामं पाकीट सरळ करत बसले.

"नाहीच ना? मी लिहिलं तेव्हा खोटं होतं. आता कुणी येऊन बघितलं तर खरंच आहे. ती रागानं गेली आणि माझी चूक खरी झाली." कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. "उद्या चिरनेरला जातो. तिला सांगायला हवं."

त्यांना एकट्याला सोडायचं माझ्या जिवावर आलं. रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याबरोबर स्टँडवर गेले. त्यांच्या हातात एक मोठी कापडी पिशवी होती. काय आहे म्हणून विचारलं नाही. गाडीत दोन तासांत मिळून दोन वाक्यं बोलले असतील. एक म्हणजे तिकीट मी काढतो, आणि दुसरं म्हणजे चिरनेर आलं. जंगल सत्याग्रहातल्या हुतात्म्यांच्या स्मारकापासून चालत गेलो. पुतण्याच्या सुनेनं आम्हाला बघून हातानंच घराची मागची बाजू दाखवली. "निवठणकरीण मागं हाय."

ती पडवीत सूप घेऊन जवळा निवडत बसली होती. अजून ताठ, पण अर्धी झाली होती. मला बघून म्हणाली, "बाई, तुमी पन आलाव?" भावाला काही बोलली नाही. पण या वेळी उठून आतही गेली नाही. तो नुसता आलेला नाही, काहीतरी घेऊन आलाय, हे तिला बहुतेक कळलं असावं.

"आला का कागद?"

गुरुजी म्हणाले, "आला."

"वाच."

त्यांनी घडी उलगडली. चष्मा लावला. आणि वाचायला लागले, "श्रीमती नागूबाई, राहणार मौजे निवठणे, यांचा अर्ज मंजूर करण्यात येत आहे. यादीतील चूक दुरुस्त करून त्यांचे नाव गाववाले म्हणून..."

ज्या माणसानं प्राध्यापकाला भर सभेत विचारलं की तुम्हाला कुणी सांगितलं, ठाऊक नसलं तर ठाऊक नाही असं लिहिलं, तो माणूस कोऱ्या चेहऱ्यानं धडधडीत खोटं वाचत होता. मला त्यांना थांबवावंसंही वाटलं आणि पुढे वाचा, पुढे वाचा असंही वाटलं.

बायनं सूप खाली ठेवलं. "हरी, आता खरा वाच."

"खराच वाचतोय."

"ल्हानपनी धडा येत नसला का असाच भराभरा वाचायचास. खरा वाच."

मग त्यांनी खरं वाचलं. हळू, एकेक शब्द सुटा करून, वर्गात वाचावं तसं. वास्तव्यास असल्याचे दिसून आले, इथे थांबून चष्मा पुसला. मग पुढचं वाचलं.

ती ऐकून म्हणाली, "बरोबर लिवलाय. हितंच तर हाय मी." आणि पुन्हा सूप घेतलं. तिच्या तोंडावर राग नव्हता, हे मला सगळ्यात वाईट वाटलं. राग असता तर तो कधीतरी निवून ती परत तरी आली असती.

गुरुजींनी कागद पुन्हा खिशात ठेवला. मग म्हणाले, "बाय, मी हितं ऱ्हायला आलोय."

"येडा हायस? तुला घर हाय तिकडं."

"घर हाय. तू नाय."

ती खूप वेळ जवळ्यातला कचरा वेचून बाजूला टाकत राहिली. पुतण्याची सून चहा घेऊन आली, आम्ही तो उभ्यानंच प्यायलो. शेवटी बाय म्हणाली, "पडवी ल्हान हाय. पाय मुरपून निजावा लागल." त्यांनी पिशवी कोपऱ्यात ठेवली. पिशवीत चादर आणि दोन शर्ट होते.

मला गाडी गाठायची होती. ती मला रस्त्यापर्यंत पोचवायला आली. वाटेत तिनं माझा हात धरला. तिचा हात खरखरीत, मिठानं चिरलेला. म्हणाली, "बाई, तुमाला येक सांगते. त्याला सांगू नका."

"नाही सांगत."

"त्या दिवशी मी देवलातच व्हती. बाजारात गेलीच नाय. बायका खांबामागं उभ्या व्हत्या, तितं मी त्याच्या पाठीमागं उभी व्हती. हरी कसा लिवतो ते बगत. माजा नाव पुकारला, आनि त्यानं पान उलटला. मना वाटला, बग, सगल्यांची नावा येका पानाव दाटीवाटीन लिवली, आनि माजा येगल्या पानाव लिवला. माज्यासाटी येगला पान केला माज्या भावान." ती थांबली. पदरानं नाक पुसलं. "मी तितून घरी आली ती हसतच आली वो बाई. रांगोली काढली दारात, सन नव्हता तरी."

मी नुसता तिचा हात दाबला.

"त्याला वाटतंय मी तितं असती तर ओरडली असती. तेवरा ऱ्हाऊंदे त्याला."

मी सांगितलं नाही. गुरुजी पुढे सात-आठ महिन्यांनी तिथेच गेले. मला निरोप मिळाला तेव्हा तेरावं उलटून गेलं होतं. म्हणजे त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी. गाडी यायला अवकाश होता, बाय माघारी गेली, आणि रस्त्यावरून ते घर दिसत होतं. गुरुजी पडवीतून पुढच्या ओट्यावर येऊन बसले होते. मांडीवर तिचं सूप घेतलं होतं आणि जवळा निवडायला लागले होते. त्यांना नीट जमत नव्हतं. प्रत्येक चिमूट डोळ्यांशी नेऊन बघत होते. बाय जवळ जाऊन उभी राहिली, पण तिनं सूप काढून घेतलं नाही. मी लांबून हात केला. त्यांचं लक्ष नव्हतं.